हात लावू नये

दारातच पाटी: कलाकृतींना हात लावू नये.
मी हात पाठीमागे बांधले
आणि अठ्ठावीस वर्षं ज्या गोदामात
हातांखेरीज माझं काहीच आत आलं नव्हतं
तिथे पहिल्यांदा
नुसते डोळे घेऊन शिरलो.

भिंती पांढऱ्या केल्यात.
पण सांगलीत पांढऱ्याला फार दिवस
पांढरं राहता येत नाही.
कोपऱ्यात, वायरच्या पट्टीमागून
पिवळं परत आलंय.

समजावून सांगायला झीनत सतारमेकर, मिरजेची,
गळ्यात ओळखपत्र.
तिकीट वीस रुपये, साठीच्या पुढे मोफत.
माझं वय तिनं विचारलं नाही.

पहिल्या खोलीत पडद्यावर दोन हात,
वर पांढरा पंचा टाकलेला.
त्याखाली बोटं बोटांना चाचपतात, दाबतात, सोडतात.
ना चेहरा, ना आवाज. सात मिनिटं, मग पुन्हा तेच.
बाकावर एक जोडपं बसलं होतं.
मुलीनं मुलाचा हात हळूच ओढणीखाली घेतला.
झीनत म्हणाली, काका, भाव पोचला का यातला?
पोचला, म्हटलं. सहा हजार चारशे.
पण सौदा मोडला.
शेवटी अडत्यानं करंगळी सोडून दिली, बघ.
ती पुन्हा सात मिनिटं बघत उभी राहिली,
मग पेन काढून
तळहातावर काहीतरी लिहून घेतलं.

पुढे काचेच्या पेटीत, मखमलीवर, एक आकडा.
पोत्याच्या कुशीत घालायचा तो.
खाली चिठ्ठी: लोखंड, रबर. कर्ता अज्ञात.
मुठीला सायकलची ट्यूब
उलट्या अंगानं गुंडाळलेली.
डावखुरा आमच्यात एकच होता, भूपाल मगदूम.
भाकरी खाताना हा कमरेला,
दुपारी थप्पीआड कलंडला की उशाला.
अज्ञात कसला, म्हणावंसं वाटलं,
कवलापूरला त्याचा पोरगा पीठगिरणी चालवतो.
नाही म्हटलं.
काचेवर माझा श्वास उमटला तेवढाच,
तो बाहीनं पुसला.
हात लावला नाही.

मागच्या खोलीत अंधार आणि पेव.
खरं नव्हे, फळ्यांचं, आतून माती लिंपलेलं,
पण हरिपूरच्या पेवांसारखंच
तोंड लहान, पोट मोठं.
तळाशी कंदील.
शाळेची पोरं कठड्यावर पालथी पडून
आपापली नावं आत सोडत होती
आणि पेव ती जशीच्या तशी परत करत होतं.

आम्ही पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचो.
विझला, तर कुणी उतरायचं नाही.
एकदा वात नुसती निळी झाली,
विझली नव्हती.
मालक म्हणाले, जळतीय की.
त्या दिवसाचं मी कुणाला सांगितलेलं नाही,
इथेही सांगत नाही.

या कंदिलात बल्ब आहे.
सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, सोमवारी बंद.
मधे तो विझत नाही.
म्हणजे आत हवा चांगली असेल,
नाहीतर त्याला
हवेतलं काही कळत नसेल.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही.
तारीख, नाव, गाव, आणि एक रुंद रकाना.
वर कुणीतरी लिहिलेलं: खूप छान.
त्याखाली: काही समजलं नाही, एसी मस्त.
मापाड्याचा हात, रकाना दिसला की चालतो.
लिहिलं: लाभ.
झीनतनं वाचलं. म्हणजे काय, काका?
म्हणजे एक.
पहिलं माप टाकताना एक म्हणत नाहीत.

दाराशी स्टुलावर रखवालदार ऐनापुरे,
पूर्वीचा आमच्याच थप्पीवरचा, आता निळा गणवेश,
हनुवटी छातीला टेकलेली.
डोळे न उघडताच म्हणाला,
दोन.